काढता-घालता येणारी काच

४ ऑक्टोबर, रविवार

मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर पहिली लांबची फेरी झाली. धरणापर्यंत जाऊन परत.

सुरुवातच माझ्या वेंधळेपणाने झाली. पेट्रोलपंपावर जमायचं म्हणून सकाळी तिथे जाऊन उभा राहिलो, तर कुणीच नाही. ग्रुपच्या कॅप्टनला फोन केला. "अहो काका, पंप नाही, पूल! पूल म्हटलं होतं मी." मला चांगलं पंप ऐकू आलं होतं. पण चष्म्याच्या दुकानात सगळा जन्म काढला की माणसाचे डोळे शाबूत राहतात, कानांची हमी कोण देणार? फोनमध्ये मागे भोपू हसत होता. त्याचं टायरचं दुकान आहे आणि मोटरसायकलला ट्रकचा भोंगा, म्हणून हे नाव. सदा आनंदी माणूस.

पुलावर फक्त फिजिओ थांबली होती. बाकीचे पुढे गेलेले. आमच्या घराच्या पलीकडच्या गल्लीत तिचा दवाखाना आहे. माझा गुडघा तिनेच बरा केला आणि "घरात बसून आंबून जाल काका" म्हणून या ग्रुपमध्येही तिनेच आणलं. मुलगी चांगली आहे, पण जरा मास्तरीण आहे. सबंध रस्ता माझ्या मागे गाडी ठेवून आली. वय असं दाखवून द्यायची काय गरज?

मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याने पार जीव काढला. दोन्ही हातांनी कुणीतरी छातीला रेटा देतंय असं वाटतं. माझं वजन ते काय, ओल्या टॉवेलाएवढं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पोचलो तेव्हा मंडळींचा चहा होऊन गेला होता. कॅप्टनने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. हा मनुष्य व्यायामशाळा चालवतो, पण वागण्यात राजा आहे.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "डोळे सुजलेत. रडलास की काय?"

मी लग्न केलं नाही, ताईचं टिकलं नाही, म्हणून आम्ही दोघं एका घरात. तिला वाऱ्याचं काय सांगणार?

६ ऑक्टोबर

गाडीला पुढे काच लावायचं ठरवलं. ग्रुपवर सगळ्यांचं मत विचारलं. कॅप्टनने लिहिलं, "अवश्य लावा काका. जमलं तर पडदेही लावा." भोपूने विचारलं, वायपर मॅन्युअल की ऑटोमॅटिक? एकामागून एक सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. माझ्या बोलण्यावर इतकी माणसं एका वेळी बोलली असं आयुष्यात झालेलं नाही.

८ ऑक्टोबर

गॅरेजवाल्याकडे गेलो. बोलावलं नसताना फिजिओही आली. तीन प्रकार आहेत. एक मोठी, स्क्रूने कायमची बसवायची. एक लहान, दिव्यापुरती. ती वारा सगळा थेट गळ्यावर आणून सोडते. आणि तिसरी काढता-घालता येणारी.

काचेतलं मला कुणी शिकवायला नको. काच म्हणायची, पण असतं ते प्लास्टिकच. मी एकेक हातात घेऊन गॅरेजच्या खिडकीसमोर धरली आणि हळूहळू सरकवत तिच्यातून खिडकीचे गज पाहिले. लहानीत गज कडेला पाण्यातल्या काठीसारखे वाकले. मोठी आणि तिसरी, दोन्हींत सरळ. वरची कड नाकाच्या शेंड्याएवढी उंच हवी, म्हणजे वारा डोक्यावरून जातो आणि आपण काचेतून नाही, काचेवरून बघतो.

फिजिओ म्हणाली, "मोठी घ्या काका. एकदा लावली की विषय संपला."

गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम बरोबर बोलतात. जे काढता येतं ते सुटतंही."

मी विचार करून सांगतो म्हटलं. खरं म्हणजे मला कॅप्टनला विचारायचं होतं.

११ ऑक्टोबर, रविवार

विचारलं. कॅप्टन म्हणाला, "फिक्स काच? गाडीला चाळिशी लावताय काय काका?"

आयुष्यभर मी लोकांना चाळिशी लावली, त्यामुळे विनोद मला सगळ्यांत आधी कळला आणि मीच सगळ्यांत मोठ्याने हसलो. तेव्हापासून मंडळी मला "चाळिशी" म्हणतात. चहाच्या टपरीवर भोपू ओरडला, "ए चाळिशी, पाण्याच्या बाटल्या भरून आण!" मी भरून आणल्या. टोपणनाव काही परक्याला पडत नाही.

फिजिओने तिची बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः भरायला गेली. तोंड फुगलेलं. तिला विनोद कळत नाही.

काढता-घालता येणारीच घेणार. रस्त्यावर वारा अडवील, आणि फोटोच्या वेळी काढून ठेवली की माझी गाडी चारचौघांसारखी. ग्रुपचं काळं जॅकेट अजून मिळालेलं नाही. कॅप्टन म्हणतो, आधी परीक्षा पास व्हा.

१४ ऑक्टोबर

बसवली. हँडलपाशी चार रबरी खाचा, त्यांत काच टेकते. खाली दोन बाजूंना दोन खटके. दाबले की टक्, टक्. दोन्ही वाजले म्हणजे बसली. शिवाय प्रत्येक खटक्यात एक बारीक पिन घालायची, ती असेपर्यंत खटका हादऱ्याने उघडत नाही.

फिजिओने माझ्याकडून ती काढून-लावून, काढून-लावून घेतली. शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. शेवटी म्हणाली, "काका, एक ऐका. हिला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

"म्हणजे कुणाला?"

"कुणालाच."

मी काही लहान नाही. पण वाद घातला नाही.

ताई गॅलरीतून बघत होती. मी वर आल्यावर म्हणाली, "म्हातारचळ बरा असतो, निदान घरातल्या घरात असतो."

१८ ऑक्टोबर, रविवार

काय सांगू! वारा डोक्यावरून निघून गेला आणि मी आत, जणू घरातल्या खुर्चीत. डोळे कोरडे. मंडळींच्या बरोबरीने पोचलो. मागे राहिलो नाही म्हणून भोपू जरा हिरमुसल्यासारखा वाटला, पण ते उन्हामुळे असेल.

फोटोसाठी काच काढून झाडाला टेकवून ठेवली. फोटो झाल्यावर पाहतो तर काच नाही. झुडपांत शोधली, टपरीमागे शोधली, गुडघ्यांवर बसून चरात हात घालून शोधली. सगळे म्हणत होते, वाऱ्याने गेली असेल. खूप वेळाने भोपूला ती संडासात सापडली. तिच्यावर ओल्या बोटाने "चाळिशी" लिहिलेलं. हसून हसून मंडळींची पुरेवाट. मीही हसलो. हसलो नसतो तर वाईट दिसलं असतं.

फिजिओने मात्र सगळा रंग घालवला. कॅप्टनसमोर उभी राहून म्हणाली, "वडिलांच्या वयाचा माणूस आहे. पोरखेळ बास करा."

कॅप्टन शांतपणे म्हणाला, "काका, तुम्हाला राग आलाय का?"

"छे छे," मी म्हणालो, "राग कसला?"

"बघ," कॅप्टन तिला म्हणाला.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिचा अपमान केला. परत येताना पुन्हा माझ्या मागेच. मी तिला हाताने पुढे जा, पुढे जा अशी खूण केली. नाही गेली.

२६ ऑक्टोबर

काल फार वाईट झालं.

धरणाच्या अलीकडच्या टपरीवर थांबलो होतो. भोपूने माझी काच काढली, तिचा ट्रे केला, आणि तिच्यावर चहाचे कप मांडून वेटरसारखा सगळ्यांमधून फिरला. गरम चहाने प्लास्टिकला डाग पडतात, मी सांगायला गेलो, पण आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. फिजिओ हातपाय धुवायला मागे नळावर गेली होती.

निघताना मी काच लावायला उठलो, तर कॅप्टनने मला खांद्याला धरून परत बसवलं. "काका, तुम्ही चहा संपवा. आज सेवा आमची." स्वतः गुडघ्यावर बसून त्याने काच लावली. कॅप्टनने! मला एक टक् ऐकू आलं. दुसरं भोपूच्या भोंग्यात बुडालं असावं, कारण त्याने नेमका तेव्हाच भोंगा वाजवला. कॅप्टनने हातातलं काहीतरी खिशात टाकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "आज तुम्ही पुढे. भोपू मागून तुमची फिल्म काढणार. धरणापाशी जरा जोरात घ्या, हिरोसारखे दिसाल."

मी कधीच पुढे नव्हतो. निघालो. फिजिओ धावत आली, हेल्मेट घातलं आणि सवयीप्रमाणे माझ्या मागे लागली. कॅप्टन तिला ओरडला, "तू थांब! आमच्याबरोबर ये!" दोनदा ओरडला. तिने ऐकलं नाही. कॅप्टनचं म्हणणं ऐकायचं नाही हा तिचा नियमच होता.

धरणाच्या भिंतीपाशी रस्ता वळतो, तिथे वारा आडवा येतो. काच एका अंगाने उचलली गेली, फडफडली, माझ्या छातीवर आपटली आणि डोक्यावरून मागे गेली. मला आधी फक्त वारा लागला. मग मागे रस्त्यावरून पत्रा फरफटत गेल्यासारखा आवाज.

तिची गाडी तिच्या उजव्या हातावर पडली होती. ती ओरडत नव्हती. हाताकडे बघत होती. तो हात जिथे वळू नये तिथे वळला होता.

मंडळी येऊन थांबली. भोपूचा फोन अजून तसाच वर धरलेला. कॅप्टनने त्याचं मनगट धरून तो खाली घेतला.

काल घरी आल्या आल्या हे सगळं ताईला सांगितलं. तिने एकच विचारलं, "लावली कुणी होती?" मी म्हटलं, कॅप्टनने. माझ्या पायातले बूट तिने काढले. मला वाकता येत नव्हतं.

२७ ऑक्टोबर

फिजिओला बघायला हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. मनगटाचा चुरा झालाय, कोपरही फुटलंय. सळ्या घातल्यात. दोन बोटांना स्पर्शच कळत नाही, पुढे कळेल याची डॉक्टर खात्री देत नाहीत. तिचा सगळा धंदा हातांचा.

बाहेर कॅप्टन बाकावर बसला होता. त्याने मला जवळ बसवून घेतलं, माझा हात हातात घेतला. "काका, स्वतःला दोष देऊ नका. काच लावताना होतं असं. खटका नीट बसला नसेल तुमच्याकडून."

"माझ्याकडून? काच तर तुम्ही..."

"मी?" त्याने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं! "काका, मी तुम्हाला लावून देतो म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, नको, माझी मला लावू दे. आठवा बरं."

मी आठवायचा प्रयत्न केला.

"धक्क्यात माणूस विसरतो," तो म्हणाला. "माझ्या वडिलांचंही असंच व्हायचं. भोपूला विचारा हवं तर. तिथे सगळेच होते."

भोपूला विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "तुम्हीच लावलीत काका." त्याची फिल्म निघालीच नाही म्हणे, फोन बिघडला होता. बाकीचेही तेच सांगतात. इतकी माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा चूक एकाचीच असते. परवा घरी आल्यावर मी काय काय बडबडलो, देव जाणे.

३० ऑक्टोबर

पोलीस सगळ्यांकडे जाऊन आले, माझ्याकडेही आले. मीच लावली असं सांगितलं. अपघात म्हणून नोंदवतो म्हणाले. सभ्य होते.

कॅप्टन रोज फोन करतो. "कसे आहात? कुणी काही विचारलं का? काय सांगितलंत?" सख्खा भाऊ असता तरी इतकी चौकशी केली नसती. दुकान बंद झाल्यापासून माझा फोन फक्त चुकीच्या नंबरांनी वाजत होता.

१ नोव्हेंबर, रविवार

कॅप्टन घरी आला. जॅकेट घेऊन! काळं, पाठीवर ग्रुपचं चिन्ह. स्वतःच्या हाताने मला घातलं. खांद्यात मोठं होतं, पण आत स्वेटर घातला की बसेल.

ताईने त्याला पाणीही विचारलं नाही. तो म्हणाला, "काकांसारखी माणसं आता राहिली नाहीत, ताई."

"राहिली नाहीत तेच बरं," ती म्हणाली. "तुमच्यासारख्यांची पंचाईत झाली असती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिन्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा कॅप्टन म्हणाला, "त्या फिजिओच्या डोक्यात कुणीतरी माझ्याबद्दल भरवलंय. ती केस करायचं म्हणते. तुम्ही एकदा भेटून सांगा ना. तुमचं ऐकेल ती."

तो गेल्यावर ताई म्हणाली, "अरे, त्याने तुला सुळावर चढवलंय, आणि तू वरून दिसतं किती छान ते बघतोयस!"

मी म्हणालो, "तुझं कुणी टिकलं नाही म्हणून माझंही कुणी असू नये, असं आहे का?"

ती स्वयंपाकघरात गेली. खरं बोललं की माणसं निघून जातात.

५ नोव्हेंबर

फिजिओच्या घरी गेलो. दार तिच्या आईने उघडलं. ती खिडकीपाशी बसली होती, हात उशीवर ठेवलेला, त्यातून सळ्या बाहेर आलेल्या. बोटं सुजून मेणबत्त्यांसारखी झालेली. डाव्या हाताने एक मऊ चेंडू त्या बोटांत बसवत होती आणि तो पुन्हा पुन्हा खाली पडत होता. मी उचलून देऊ लागलो, तर म्हणाली, "राहू दे काका. हे मीच लोकांना करायला लावायचे. रागवायचेसुद्धा त्यांना."

तिची आई दाराशी उभीच होती.

मग तिने विचारलं, "मी तेव्हा नळावर होते. मला एवढंच सांगा. काच कुणी लावली?"

जे सांगायचं ते मी जिना चढताना तीन-चारदा म्हणून पाहिलं होतं. तरी गुडघ्यावर बसलेला कॅप्टन डोळ्यांसमोर आला, अगदी स्पष्ट, त्याच्या पँटला लागलेल्या मातीसकट. पण नसलेलंही स्पष्ट दिसतंच की माणसाला. स्वप्नात नाही का दिसत?

"मीच," मी म्हणालो.

"पिना घातल्या होत्या?"

"विसरलो असेन."

तिने चेंडू मांडीवर ठेवला. "इतक्या वेळा लावून घेतली मी तुमच्याकडून."

"वय झालं गं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मी उगाच कॅप्टनच्या नावाने बोटं मोडत होते." आणि मग हाताकडे बघून, "उरलेली."

ती हसली असं मला वाटलं, म्हणून मीही हसलो. तिची आई म्हणाली, "निघा आता."

जाताना फिजिओ म्हणाली, "काका, पुन्हा येऊ नका. रागावले म्हणून नाही. तुम्हाला ग्रुपमध्ये मी आणलं. तुम्हाला बघितलं की ते आठवतं."

चिडणं साहजिक आहे. पण बाहेर पडल्यावर मला हलकं वाटलं. आजवर कुणी माझ्यावर एवढं मोठं काम सोपवलं नव्हतं आणि ते मी पार पाडलं. कॅप्टनला तिथूनच फोन केला. "काका, वाघ आहात!" म्हणाला. "आता काही दिवस गाडीला हात लावू नका. विश्रांती घ्या."

८ नोव्हेंबर, रविवार

फोनमधून ग्रुप गेलाय. काहीतरी बिघडलं असणार. कॅप्टनला फोन केला, उचलला नाही. भोपूचा लागतच नाही. बाहेर असतील, गाडीवर फोन ऐकू येत नाही.

जॅकेट घालून गॅलरीत बसलो. उकडत होतं.

९ नोव्हेंबर

ताई दुपारी कुठेतरी गेली होती. चपला काढता काढताच म्हणाली, "मी त्या मुलीकडे जाऊन आले. तू घरी आलास तेव्हा मला जे सांगितलंस ते सगळं तिला सांगून आले. कॅप्टन गुडघ्यावर बसला होता, खिशात काय टाकलं, भोपूचा भोंगा, सगळं."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी सांगावं लागतं? तिचा हात गेला! ती स्वतःला दोष देत बसलीये, तुला तिथे आणलं म्हणून. तुला काय, जॅकेट मिळालं."

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. फिजिओची आई. "तुमच्या ताई येऊन गेल्या. त्या वेगळंच सांगतात. मुलगी सकाळपासून जेवली नव्हती, आता उठून बसलीये, वकिलाला फोन लाव म्हणते. खरं काय आहे ते मला एकदा सांगा. मी हात जोडते."

माझा आवाज आपोआप खाली गेला. मायेचा झाला. इतका चांगला आवाज मला काढता येतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला म्हणून सांगतो," मी म्हणालो. "हल्ली ताईच्या लक्षात राहत नाही. गॅस चालू ठेवते. झालेलं एक, सांगते एक. तिचा दोष नाही, वय आहे. तिच्या बोलण्यावर काही करायला जाऊ नका. कोर्टात हसं होईल मुलीचं."

मग त्या म्हणाल्या, "आमच्या आईचंही असंच झालं होतं. सांभाळा त्यांना." आणि फोन ठेवला.

वळून पाहिलं तर ताई दारात. हात ओले, पदराला पुसायचे राहून गेलेले. किती वेळ उभी होती माहीत नाही. रागावेल, दोन शब्द सुनावेल, म्हणून मी तयार राहिलो. ती नुसती बघत राहिली. लहानपणी माझं शेंबडं तोंड पुसायची तेव्हा बघायची तशी, कुठे राहिलंय का ते. मग आत गेली.

कॅप्टनला फोन केला. काम झालं हे सांगायला हवं होतं. लागला नाही.

१० नोव्हेंबर

दुपारी जेवायची हाक आली नाही. भूक लागली तसा स्वयंपाकघरात गेलो. ताई जेवून, भांडी घासून, ओटा पुसून बसली होती. एकच ताट पालथं घातलेलं.

"माझं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अगबाई, तूही आहेस नाही का घरात. विसरले."

मी माझा भात लावला आणि उभ्यानेच जेवलो. म्हणजे फिजिओच्या आईला मी अगदीच काही खोटं सांगितलं नव्हतं.